नोंदीत वेळ हवीच
प्रसूतिकक्षातील लिखापढीमुळे परिचारिकेला रुग्णाजवळ थांबता येत नाही, हे प्रसूतिकक्षातील नोंदींच्या भारावरील लेखातील म्हणणे मला पूर्णपणे मान्य नाही. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या आरोग्य केंद्रात मी अनेक वर्षे परिचारिका होते. आमच्या पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूतीची प्रगती दाखवणाऱ्या आलेखाच्या कागदावर, गर्भाशयाचे मुख ४ सेंटिमीटर उघडल्यापासून नोंद सुरू होई, बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने लिहिले जात, आणि आलेख अलर्ट लाइनच्या, म्हणजे प्रसूती अपेक्षेपेक्षा संथ असल्याचा इशारा देणाऱ्या रेषेच्या, उजवीकडे सरकू लागला की बाईला पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची तयारी वेळेत करता येई. ऐन पावसात रस्त्यावर दरड आलेली असताना असा हाती आलेला वेळ फार मोलाचा असे. एकदा रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणीला पुढे पाठवतानाच्या चिठ्ठीत ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव थांबावा म्हणून द्यायचे औषध) १० युनिट दिल्याचे मी लिहिले, पण वेळ लिहायची राहिली, आणि पुढच्या डॉक्टरांना ती फोन करून विचारावी लागली. त्याची खंत आजही वाटते. ड्युटी संपताना आठवून भरलेले ठोके तर मला नोंद वाटतच नाहीत. चुकलेल्या मजकुरावर एकच रेघ मारून सही, तारीख व वेळ घालावी, व्हाइटनर लावू नये. मात्र एकाच बाळंतपणाची माहिती अनेक रजिस्टरांत पुन्हा पुन्हा उतरवावी लागते, तो भार कमी व्हावा ही लेखातील मागणी अगदी रास्त आहे.