दोष एकट्या मतदाराचा नाही

ब्रिटिश मतदार चंचल झालाय, दर दोन वर्षांनी त्याला नवा पंतप्रधान लागतो, असा एका लेखाचा सूर आहे. पटला नाही. २०१६ च्या जूनपासून २०२४ च्या जुलैपर्यंत कॅमेरॉन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक आणि स्टार्मर असे सहा झाले खरे, पण यातले मे, जॉन्सन, ट्रस आणि सुनक हे चौघे आधी हुजूर पक्षानेच बसवले. ट्रसबाई तर ४९ दिवसांत गेल्या. कर्ज काढून करकपात करणाऱ्या त्यांच्या मिनी बजेटने गृहकर्जांचे व्याजदर भडकले, ते निस्तरत बसली सामान्य माणसं. २०२२ च्या त्या ऑक्टोबरात महागाई ११.१ टक्क्यांवर होती!

२०१६ च्या ब्रेक्झिट प्रचारातल्या लाल बसवरचे, युरोपीय संघाला जातात म्हणून सांगितलेले ते आठवड्याचे ३५ कोटी पौंड सगळ्यांना आठवतात. मला आठवतात ते करी हाउसवाले, म्हणजे तिथली देशी जेवणाची हॉटेलं चालवणारे. युरोपातून बाहेर पडलो की दक्षिण आशियातून आचारी आणणं सोपं होईल, असं तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या. (या बिचाऱ्यांत बहुतेक बांगलादेशी, पाटी मात्र 'इंडियन'ची.) पुढे काय, तर एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगार व्हिसासाठी वार्षिक पगाराची अट २६,२०० वरून थेट ३८,७०० पौंड. एवढा पगार गल्लीतलं हॉटेल आचाऱ्याला कुठून देणार? तेलही गेलं, तूपही गेलं.

आणि २०२४ च्या निवडणुकीतलं स्टार्मर यांचं 'प्रचंड' बहुमत? मतं जेमतेम ३४ टक्के. त्याला लाट म्हणणं धाडसाचंच.