सीता वाजता भेटू

चौतीस वर्षं मी नगर जिल्ह्यात मुलांना गणित शिकवलं. प्रार्थनेच्या घंटेआधी पाच मिनिटं फाटकाशी उभं राहायचं आणि उशिरा येणाऱ्याकडे न बोलता, नुसतं मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं, ही माझी ख्याती. निवृत्त झालो तेव्हा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "टांझानियात किलिमांजारोच्या उतारावर एक प्राथमिक शाळा आहे, तिथल्या मंडळीला गणिताचा माणूस हवाय. वर्षभर जाल का?" मी लगेच हो म्हणालो. बायको माझ्याआधी हो म्हणाली.

आल्या दिवशी संध्याकाळी मुख्याध्यापकांचा निरोप आला: उद्या शाळा 'सा मोजा ना नुसु'. विमानात पाठ केलेली, इथल्या स्वाहिली भाषेची वही काढली. सा म्हणजे तास, मोजा म्हणजे एक, नुसु म्हणजे अर्धा. दीड वाजता. दुपारपाळीची शाळा दिसते, म्हणून सकाळी निवांत उठलो, केळीच्या बागांमधून फेरी मारली, शर्टाला इस्त्री केली आणि सवयीप्रमाणे पाच मिनिटं आधी, एक पंचवीसला फाटकाशी उभा राहिलो. मुलं जेवून ताटल्या धूत होती. मुख्याध्यापक धावत आले आणि म्हणाले, "पोले, म्वालिमू, पोले साना!"

म्वालिमू म्हणजे गुरुजी. या देशाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना लोक आजही याच नावाने ओळखतात, त्यामुळे हाक ऐकली की छाती फुगते. 'पोले' मात्र छाती बसवणारा शब्द. 'फार त्रास झाला हो तुम्हाला' असा त्याचा भाव. ठेच लागली की पोले, पावसात भिजलात की पोले, नुसते कपडे धुताना दिसलात तरी पोले. त्या दिवशी मला साऱ्या गावाने पोले म्हटलं.

भानगड अशी की इथे दिवस उगवतो तेव्हा घड्याळ सुरू होतं. विषुववृत्त इथून जेमतेम तीन अंशांवर, त्यामुळे सूर्य बारा महिने साडेसहाच्या आगेमागेच उगवतो. सहानंतरचा पहिला तास संपला की 'सा मोजा', म्हणजे आपले सात. आठ वाजले की दोन, नऊ वाजले की तीन. भर दुपारी बारा वाजता 'सा सीता'. सीता म्हणजे सहा. "सीता वाजता भेटू" असं मला पहिल्यांदा कुणी म्हणालं तेव्हा मी कुठल्या बाईंना भेटायचंय ते विचारलं होतं.

गणिताच्या माणसाला काय, सहा मिळवायचे! पण हे इतरांना पटायला हवं ना. तिसरीच्या वर्गात फळ्यावर घड्याळ काढलं, छोटा काटा नवावर, मोठा बारावर. किती वाजले? पन्नास मुलं एका सुरात, "सा तातू!" तातू म्हणजे तीन. मी पुसून पुन्हा, आणखी मोठं घड्याळ काढलं. "सा तातू!" आवाज आणखी मोठा. मागच्या बाकावरच्या एका मुलीने उभं राहून अत्यंत मायेने मला समजावलं की काटा जिथे असतो त्याच्या बरोब्बर समोरचा आकडा वाचायचा असतो, म्वालिमू. आणि शेवटी पोले म्हणाली.

वारांचं तर विचारूच नका. शनिवार म्हणजे जुमामोसी, पहिला वार. रविवार दुसरा. असं करत बुधवार जुमातानो, म्हणजे पाचवा. आणि गुरुवार? अल्हामिसी. तो अरबीतून आलाय आणि त्याचाही अर्थ पाचवाच. आठवड्यात दोन पाचवे आणि सहावा नाहीच! गणिताला इथे 'हिसाबाती' म्हणतात. हिशेबाचं नाव एवढं ओळखीचं, पण हिशेब असा.

त्यात घरचा फोन. भारताचं घड्याळ इथल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे गावच्या तासात साडेआठ मिळवले की नगरची वेळ. "अहो, किती वाजता फोन करू?" या साध्या प्रश्नाला मी वही काढून उत्तर देतो. पलीकडून उसासा येतो. आमच्या नगरला १८३१ साली अमेरिकन मिशनरी आले, इकडे किलिमांजारोला १८९३ साली लाइपझिगचे जर्मन. त्या बिचाऱ्या जर्मनांचं पहिल्या वर्षी काय झालं असेल, या विचाराने मला बरं वाटतं.

एका रविवारी उपासनेत बायबलमधला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला वाचला. धनी मजूर आणायला तिसऱ्या तासाला बाहेर पडतो, सहाव्याला, नवव्याला, शेवटी अकराव्या तासाला, आणि शेवटी आलेल्यांनाही इतरांएवढीच मजुरी देतो. सा तातू, सा सीता, सा तिसा, सा कुमी ना मोजा. मी बाकावर ताठ झालो. तीस वर्षं शब्बाथशाळेत मी मुलांना सांगत आलोय, "बाळांनो, तिसरा तास म्हणजे सकाळचे नऊ बरं का, त्या काळी असं मोजत." इथे ती तळटीप कुणालाच लागत नाही. शेजारच्या आजीबाईंना तर मळ्याचा धनी त्यांच्याच कॉफीच्या बागेत उभा दिसत होता.

त्या दिवसापासून मी सुधारलो. मुख्याध्यापकांना बजावलं, माझ्याशी स्वाहिलीतच बोला. शनिवारी पालकांची सभा होती, मुलांच्या जेवणासाठी कुणी किती मका द्यायचा ते ठरवायला. सरकारने फी माफ केली, पण पोटाचं घरूनच बघावं लागतं. "सभा केव्हा?" त्यांनी क्षणभर विचार केला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "सा कुमी ना मोजा." कुमी ना मोजा म्हणजे अकरा. अधिक सहा, संध्याकाळचे पाच.

पाचला पाच कमी असताना मी फाटकाशी. आवारात एक कोंबडी आणि मुख्याध्यापक.

मला पुन्हा त्रास नको म्हणून त्यांनी या वेळी माझ्या घड्याळाने वेळ सांगितली होती. सकाळचे अकरा. त्यांनी माझ्यासाठी सहा मिळवलेले, त्यावर मी त्यांच्यासाठी आणखी सहा. सभा झाली, मका ठरला, टाळ्या वाजल्या, लोक घरी गेले.

स्वयंपाकघरातून मामा (म्हणजे स्वयंपाकाच्या बाई, इथे आईला आणि थोर बाईला मामाच म्हणतात) झाकलेली ताटली घेऊन आल्या. मका आणि घेवड्याचं माकांदे, इतरांना वाढलं तेवढंच, शिगोशीग. अकराव्या तासाला आलेल्या मजुराने ते सगळं संपवलं.

"पोले," मामा म्हणाल्या, आणि आणखी एक पळी वाढली.