तारांचा ताण लाकडावर ठरत नाही : एक खुलासा

कोल्हापुरातील गिटार शिकणाऱ्यांमध्ये सध्या फिरणारा ‘भारी लाकडाच्या गिटारवर तारांचा ताण कमी असतो’ हा दावा चुकीचा आहे. ताण ठरतो तो तारेच्या दर इंचाच्या वजनावर, नटपासून (मानेच्या टोकाशी तारा टेकतात तो खाचांचा तुकडा) ब्रिजपर्यंतच्या (गिटारच्या अंगावर तारा टेकतात तो आधार) कंप पावणाऱ्या लांबीवर आणि लावलेल्या स्वरावर. तारांचा तोच संच त्याच स्वरात २५.५ इंचांऐवजी २४.७५ इंच लांबीच्या गिटारवर चढवला, तर ताण सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो, कारण तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. लांबी सारखी असूनही एखादी गिटार बोटांना कडक लागत असेल, तर तारांची बोटे दाबायच्या पट्टीपासूनची उंची आणि विशेषतः नटच्या खाचांची खोली आधी तपासून घ्यावी. उथळ खाचांमुळे तार उंच राहते आणि पहिल्या पडद्यावर (फ्रेटवर) ती दाबताना नवशिक्यांना विनाकारण त्रास होतो, आणि ही दुरुस्ती नव्या गिटारपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.