कुणाचे सत्तर, कुणाचे चाळीस

भारतात कामाच्या तासांवरून वाद पेटला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना जर्मनीतल्या श्टुटगार्टची, म्हणजे माझी, आठवण होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, तेव्हा झाली. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचा ९० तासांचा आणि 'घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार' असा व्हिडिओ फिरला, तेव्हा तर फारच झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ आणि दुकानं-आस्थापनांतली ९ वरून १० करायला मंजुरी दिली. त्या रात्री दादाने लिहिलं, 'सांग गं तुझ्या जर्मनांना, बघा आम्ही कसे पुढे चाललोय.' दादा हिंजवडीत आयटीत आहे, घर कोथरूडला. तो हे उपरोधाने म्हणाला की अभिमानाने, ते मला अजून कळलेलं नाही.

गंमत म्हणजे दोन्ही पक्ष मलाच साक्षीदार करतात. दादाचा पक्ष म्हणतो, महायुद्धानंतर जर्मन राबले म्हणून तो देश उभा राहिला. मूर्तींनीही जर्मनी-जपानचाच दाखला दिला होता. वहिनीचा पक्ष म्हणतो, बघा, तिकडे पाचला माणसं घरी असतात, तरी त्यांच्या गाड्या जगभर विकल्या जातात. मी दोघांचीही निराशा करते.

आधी कायद्याचं बघू. जर्मनीतला कामाच्या वेळेचा कायदा १९९४ चा. दिवसाला ८ तास, पुढेमागे सरासरी भरून काढणार असाल तर १० पर्यंत, आणि आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ११ तासांची विश्रांती. शनिवारही कामाचा दिवस धरल्यामुळे आठवड्याची कमाल होते ४८. आणि आपला कारखाना कायदा? १९४८ चा, नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेईपर्यंत चालला, आणि तिथेही ४८ च. कागदावर दोन्ही देश सारखेच. इथल्या मोटार उद्योगात इगे मेटाल या कामगार संघटनेने भांडून १९९५ पासून ३५ तासांचा आठवडा मिळवला आहे. आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी त्या करारात बसत नाही, म्हणून माझे ४०. सहानंतर कुणाला मेल पाठवली तर उत्तर सकाळी येतं, आणि पाठवणाराच जरा ओशाळतो. हे सगळं खरं आहे आणि मला ते मनापासून आवडतं.

पण ग्रुपवरच्या वादात या चाळीस तासांपलीकडचं काही येत नाही. तिथे दिवसाचे दोनच भाग: ऑफिस, आणि बायकोकडे बघत बसणं. मधलं सगळं गायब. कपडे, भांडी, किराणा, दुधाचे डबे, मुलाच्या शाळेतल्या सभा, बँकेची पत्रं, दुखणारा खांदा आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम, हे ज्याच्या वाट्याला येतं त्याला विचारा सत्तर तास कुठून काढायचे.

आमच्या इमारतीत आठ बिऱ्हाडं आहेत आणि एक लाकडी पाटी. ती या दाराच्या मुठीवरून त्या दाराच्या मुठीवर सरकत असते. आपल्या दारावर आली की त्या आठवड्यात जिना आपण झाडायचा आणि पुसायचा, कठडा पुसायचा, कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवायचे, आणि बर्फ पडला असेल तर सकाळी सातच्या आत समोरचा फुटपाथ साफ करून त्यावर खडी टाकायची. याला केअरवोखं म्हणतात. हा श्वाबियन, म्हणजे श्टुटगार्टच्या भागातल्या, लोकांचा जुना सोस. महापालिकेने सक्ती कधीच उठवली, पण भाडेकरारात तो ठाण मांडून आहे. पहिल्या मजल्यावरच्या सत्तरीच्या बाई जिना पुसला की नाही हे कोपऱ्यात बोट फिरवून बघतात. माझा बॉसही त्याच्या इमारतीत जिना पुसतो. हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना बराच वेळ वाटत होतं की त्याचं काहीतरी वाईट चाललंय.

रविवारी इथे दुकानं बंद. पेट्रोल पंप, स्टेशनवरची काही दुकानं आणि सकाळी तास-दोन तास बेकरी सोडली तर सगळं बंद. रविवारची विश्रांती इथल्या राज्यघटनेतच आहे; १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम जसंच्या तसं पुढे आलं. त्यामुळे शनिवारी दुपारी सुपरमार्केटात सगळं गाव लोटतं. आम्ही दोघं एक मोठी यादी घेऊन फिरतो, जाताना रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये घालून त्यांचे पैसे परत घेतो, येताना पाण्याचा क्रेट तिसऱ्या मजल्यावर चढवतो. लिफ्ट नाही. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल लावायचं नाही. काचेच्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो. रविवारी मुलाला ताप आलाच, तर पाळीवर असलेलं औषधांचं दुकान शोधायचं, दारातल्या छोट्या खिडकीसमोर उभं राहायचं, आणि दुकानदार जागा राहिल्याबद्दल अडीच युरो जादा द्यायचे. मला तेही रास्त वाटतं. अडीच युरोत कुणीतरी आपली सुट्टी मोडून उभं आहे.

आता खांद्याचं. गेल्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा धरला. सुरुवातीला कोट घालताना कळ यायची, मग केस बांधायला हात वर जाईना. आईचं सांगलीहून रोज निर्गुडीचं तेल, वहिनीचं 'इकडे ये, आठवड्यात एमआरआयसकट मोकळी होशील'. वहिनीचं चूक नाही. पुण्यात हाडांचे डॉक्टर रात्री नऊलाही बघतात, सकाळी रक्त तपासायला दिलं तर संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. इथे आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जायचं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी हात इकडे तिकडे फिरवून बघितला, खांदा आखडलाय म्हणाल्या आणि तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. तज्ज्ञांची वेळ मिळाली ती एकदम पुढच्या ऋतूतली. तोवर गोळ्या आणि सहा बैठकांची फिजिओथेरपी, ज्यात खर्चाचे दहा टक्के आणि वर चिठ्ठीमागे दहा युरो आपले. फिजिओ बैठकीला जेमतेम वीस मिनिटं देतो. त्याने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, टेबलावर डावा हात टेकून कंबरेतून वाकायचं, उजव्या हातात अर्धा लिटरची भरलेली बाटली धरायची आणि हात सैल सोडून छोटी छोटी वर्तुळं काढायची. खांद्याने जोर लावायचा नाही, बाटलीच्या वजनाने हात फिरू द्यायचा. दोन, भिंतीसमोर उभं राहून बोटांनी कोळ्यासारखं वर चढत जायचं आणि जिथे कळ येते तिथे पेन्सिलने खूण करायची. बाकी सगळं घरी, दिवसातून तीनदा, महिनोनमहिने. 'मी तुम्हाला बरं करणार नाही, तुम्हीच होणार आहात,' हे त्याने हसत सांगितलं. तेव्हा मला त्याचा राग आला होता.

पण त्या व्यायामासाठी मला वेळ होता. वादाचं मूळ मला इथे दिसतं. आखडलेला खांदा नुसत्या सुईने किंवा एमआरआयने सुटत नाही, रोजच्या कंटाळवाण्या हालचालीने हळूहळू सुटतो, आणि ती हालचाल करायला रोज थोडा निवांतपणा लागतो. पुण्यात डॉक्टर त्याच दिवशी भेटतात, व्यायामाचा छापील कागदही देतात, पण तो करायचा कधी? दादाची पाठ वर्षानुवर्षं दुखते. त्याच्याकडे उत्तम रिपोर्ट आहेत, उत्तम खुर्ची आहे, आणि वाकडच्या पुलाखाली गाडीत अडकलेली संध्याकाळ आहे. ताप आला तर तो डोलो खाऊन लॉगिन करतो. मला सर्दी-ताप असेल तर डॉक्टर फोनवरूनसुद्धा पाच दिवसांपर्यंतची रजा लिहून देऊ शकतात, आणि आजारपणाचे पहिले सहा आठवडे पगार पूर्ण मिळतो.

तरी दादा पहाटे वेताळ टेकडीवर जातो, दर रविवारी ग्रुपवर सूर्योदयाचा फोटो टाकतो. सत्तर तास काम करूनही व्यायाम जमतो याचा तो जिवंत पुरावा, असं त्याचं म्हणणं. मी एकदा लिहिलं, 'टेकडी उतरून घरी आल्यावर पोहे कोण करतं?' ग्रुपवर शांतता. वहिनी सहकारी बँकेत नोकरी करते. डबे तीच भरते. भांडी-फरशी मावशी करतात, कपडे इस्त्रीवाले काका नेतात-आणतात, कोथिंबीर संपली तर ॲपवरचा एक मुलगा दहा-पंधरा मिनिटांत दारात. दादाचे सत्तर तास एकट्या दादाचे नाहीत. २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, आणि पुरुषांचा ८८. तेही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचाच हिशेब. मूर्तींचे सत्तर तास हवे असतील तर हे २८९ कुणाच्या तरी माथी राहणारच.

म्हणून वहिनीच्या पक्षाशीही माझं भांडण आहे. सुप्रिया सुळेंनी ऑफिसनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. मीही. पण युरोपसारखं जगायचं असेल तर ॲपवरच्या त्या मुलालाही रविवार द्यावा लागतो, औषधवाल्यालाही, डॉक्टरलाही, आणि मावशींनाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला सांगितलं. तरी मावशींची सुट्टी घरमालकिणीच्या मर्जीवरच आहे, आणि त्यांनी दोन दिवस दांडी मारली की ग्रुपवर जो आकांत होतो, तो ९० तासांच्या बातमीवरही झाला नव्हता. माझ्याकडे जो मोकळा वेळ आहे त्याची किंमत मी बंद दुकानांत, लांबलेल्या अपॉइंटमेंटमध्ये आणि पुसलेल्या जिन्यात भरते. नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलवायचं तर त्याच्या सोयीने, आणि येण्याजाण्याचे पैसे वेगळे. ही किंमत द्यायची तयारी आहे का, हा प्रश्न पुण्यात कुणी कुणाला विचारत नाही.

आणि जर्मन काही संत नाहीत. इथे नोकरी करणाऱ्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या अर्धवेळ काम करतात. मुलाला पाळणाघरातून आणणारा, डॉक्टरकडे नेणारा वेळ त्यांच्याच पगारातून कापलेला असतो. पुरुषांत हे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास. शिवाय इथेही वारं फिरतंय. मे २०२५ मध्ये चॅन्सलर मेर्त्स म्हणाले की चार दिवसांचा आठवडा आणि काम-आयुष्याचा समतोल यांवर देशाची समृद्धी टिकणार नाही. त्याआधी जानेवारीत आलियान्झ या विमा कंपनीच्या प्रमुखांनी आजारपणाच्या पहिल्या दिवसाचा पगार कापावा असं सुचवलं. दोन्ही बातम्या दादाने माझ्याआधी वाचल्या होत्या. 'आता बोल,' एवढंच लिहून पाठवल्या.

बोलते. मला खरी अडचण वाटते ती ऑफिसातली, आणि तिथे मी कोणत्याच पक्षात नाही. आमची निम्मी टीम पुण्यात, बाणेरला बसते. इकडे सगळे संध्याकाळी पाचला कामावरून उठतात ते कसं जमतं? चर्चेची बैठक इथल्या दुपारी चारची. उन्हाळ्यात तेव्हा पुण्यात साडेसात वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेआठ. इथला कायदा माझ्या अकरा तासांच्या विश्रांतीची काळजी घेतो; पडद्यावर पलीकडे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते आणि तो पटकन माइक बंद करतो. चाळीस तासांच्या आठवड्याचं थोडं बिल बाणेरला जातं.

गेल्या महिन्यात मी बैठक सकाळी दहाला घ्यावी असं सुचवलं. तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच, जेवणाची वेळ जरा मागेपुढे होईल एवढंच. इकडून दोघांनी कुरकुर केली, सकाळ त्यांची शांत कोडिंगची वेळ. मी रेटलं, आणि आता दहा ठरलेत. आनंदाने बाणेरच्या टीमप्रमुखाला फोन केला. तो पुण्याचाच, मराठीतच बोलतो. म्हणाला, 'बरं झालं, थँक्यू. पण तू तुझी हलवलीस तरी रात्री साडेआठला अमेरिकेतल्या डेट्रॉइटची आहेच ना.'