मुलं पळवणारी टोळी आपल्या सोसायटीत कशी आणावी

मागच्या रविवारी सकाळी सव्वाअकराला आमच्या सोसायटीत मुलं पळवणारी टोळी आली. टोळीत एकूण एक बाई होती. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. तुमच्याकडेही अशी टोळी यावी असं वाटत असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

आधी व्हिडिओ हवा. नवा करायची दगदग नको. कराचीतल्या एका संस्थेनं २०१६ साली पालकांना सावध करायला एक छोटी फिल्म केली होती. मोटरसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात, सुटतात. मग वळून परत येतात, पोराला खाली ठेवतात आणि कॅमेऱ्यासमोर पाटी धरतात. तुम्ही 'परत येतात'पासून पुढचं कापून टाका. झाली टोळी तयार. २०१८ मध्ये हीच कापलेली फिल्म भारतभर फिरली, परवा आमच्या ग्रुपवर पुन्हा अवतरली. तो रस्ता आमच्या मागच्या भाजी मंडईचाच आहे, हे छातीठोक सांगणारे तिघे निघाले. एकाला तर भाजीवालाही ओळखू आला.

तारीख घालू नका. 'काल संध्याकाळी' लिहा. ते कधीच शिळं होत नाही.

मेव्हण्याचा मित्र पोलिसात असू द्या.

व्हॉट्सॲपनं जुलै २०१८ मध्ये भारतापुरती एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, त्यानं खचून जाऊ नका. माझी आत्या पाच-पाचचे गठ्ठे करते. रिटायर्ड आहे, वेळ आहे.

आता मुख्य मसाला. नुसतं मूल पळवून भागत नाही, पळवून त्याचं काय करतात ते सांगावं लागतं. किडनी काढतात म्हणा. हा मसाला जुना आणि जगभर चालणारा. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा किडनीची सोय नव्हती, म्हणून मोमियाई होती. दवाखान्यात नेलेल्या माणसाला उलटं टांगून खाली विस्तव करतात आणि ठिबकणारं तेल औषधाला वापरतात, अशी बोलवा. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. तिकडे पेरूच्या डोंगरात मुंबईचं नावही न ऐकलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या 'पिश्ताको'ला भीत आले. हा परका गोरा माणूस म्हणे वाटेत गाठून चरबी काढतो. कधी ती चर्चच्या घंटा ओतायला लागते, कधी यंत्रांना वंगण म्हणून. ग्वाटेमालात १९९४ साली एका अमेरिकन पर्यटक बाईवर, ही मुलांचे अवयव चोरते म्हणून, अख्खं गाव तुटून पडलं.

पण थांबा. त्या लोकांच्या अफवेला निदान बूड होतं. १८९६ च्या मुंबईत दवाखान्यात नेलेली माणसं खरंच फारशी परत येत नव्हती. पेरूत गोऱ्यांनी जमिनी घेतल्या, खाणीत राबवून माणसं संपवली. चरबी काढतात हे खोटं, पण पिळून काढतात हे खरंच होतं. ग्वाटेमालात कित्येक वर्षं यादवी चालली होती, माणसं गायब होत होती. खोटी गोष्ट, पण बोट वर दाखवणारी. अंगावर सत्ता असलेल्याकडे.

आणि आपलं बोट? आमच्या सोसायटीला तीन वॉचमन, सोळा कॅमेरे, गेटवर ॲप. आमचं कुणी काय पळवलंय? वर बोट दाखवायची छाती नाही. बिल्डरनं मुलांच्या खेळायच्या जागेवर पार्किंग काढलं तेव्हा ग्रुपवर कुणी अंगठासुद्धा टाकला नाही. बोट कायम खाली. भंगारवाला, चादरीवाला, बहुरूपी, बोहारीण. ज्याच्या बाजूनं बोलायला मागे कुणी नाही, तो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस, भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तीच अफवा. आणि रक्त वाळायच्या आत त्या खुनांवरच दुसरी अफवा उठली, मारणारे दुसऱ्या धर्माचे म्हणून, इतकी की अटक झालेल्या १०१ जणांची नावं गृहमंत्र्यांना जाहीर करावी लागली, कुठल्या धर्माचे ते लोकांना दाखवायला.

हे मी ग्रुपवर लिहिलं. आत्याचं उत्तर आलं, "अरे, सावध राहायला तुझं काय जातंय?"

माझं काय जातंय! बोहारणीचं गेलं की. पंधरा वर्षं येते ती आमच्याकडे. त्या दिवशी एका पोरानं टोपलीतला डबा उचलून पाहिला, ही त्याच्याशी हसून बोलली. एवढाच गुन्हा. पाच मिनिटांत वीस माणसं जमली. आधार कार्ड दाखव, गाठोडं उघड, कुठल्या गावची, नवरा कुठंय. गाठोड्यात काय निघालं? तुमच्याच बायकांनी दिलेल्या साड्या! एकीनं आपली साडी ओळखली आणि तरी तोंड उघडलं नाही. मीही गॅलरीतून दहा मिनिटं बघत होतो, मग चप्पल घालून खाली आलो, तेव्हा टोपली कुणीतरी उलटी केलेली होती.

लाज वाटू द्या. 'फॉरवर्डेड ॲज रिसीव्ड' लिहिलं की हात धुऊन मोकळे होता काय? अंगठा तुमचाच ना? एम.एस्सी. झालेत, मुलं परदेशात, आणि एका फिल्मची शेवटची वीस सेकंदं कुठं गेली हे विचारायची अक्कल नाही. विचारलं तर मीच शिष्ट.

बाई परत आलेली नाही. तिचं एक पातेलं वॉचमनच्या केबिनमध्ये पडलंय, एका बाजूनं चेपलेलं. त्याचा फोटो काढून टाका की ग्रुपवर.