पॉलिकार्पच्या अस्थी आणि कॉन्स्टंटाईनवरचा आळ

गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन भरलं की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. मला तो पाठवणाऱ्यांत जिव्हाळ्याची माणसं आहेत, म्हणून नीट उत्तर देतो. मजकूर म्हणतो: ‘पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती लोक संतांच्या अस्थी जपत नव्हते, त्यांचे सण करत नव्हते. कॉन्स्टंटाईन बादशहाने मूर्तिपूजकांना खूश करायला हे सगळं आणलं. संतांना मान देणं म्हणजे ख्रिस्ताला बाजूला सारणं.’

आधी अस्थींचं बघू. रोमन बादशहा कॉन्स्टंटाईन ख्रिस्ती धर्माकडे वळला तो ३१२च्या सुमारास. स्मुर्णा (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) इथले बिशप पॉलिकार्प यांना त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी, बहुधा १५५-१५६मध्ये, जाळण्यात आलं. त्या घटनेची हकिगत स्मुर्णाच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाने, फिलोमेलियम या दुसऱ्या गावच्या मंडळीला पत्राने कळवली. पकडायला आलेल्यांना पॉलिकार्प यांनी जेवू घातलं आणि प्रार्थनेपुरती सवड मागून घेतली. प्रांताधिकाऱ्याने ख्रिस्ताची निंदा करायला सांगितली तेव्हा ते म्हणाले, ‘८६ वर्षं मी त्याची सेवा करतोय, त्याने माझं काहीच वाईट केलं नाही. माझ्या राजाची, माझ्या तारणाऱ्याची निंदा मी कशी करू?’ हे वाक्य कितीदाही वाचलं तरी माझे डोळे भरून येतात. त्याच पत्रात पुढे लिहिलंय की आम्ही त्यांच्या अस्थी गोळा केल्या, त्या आम्हाला रत्नांहून मोलाच्या आहेत, त्या योग्य जागी ठेवल्या, आणि दरवर्षी तिथे जमून त्यांच्या रक्तसाक्षीचा (श्रद्धेसाठी दिलेल्या प्राणांचा) ‘जन्मदिवस’ आम्ही साजरा करू. मरणाच्या दिवसाला ते जन्मदिवस म्हणतात! अस्थीही आल्या आणि सणही आला, एकाच परिच्छेदात.

‘हे पत्रच मागाहून रचलेलं’ असंही कुणी म्हणेल. काही अभ्यासक त्याचा काळ तिसऱ्या शतकापर्यंत पुढे नेतात, आणि काही भाग नंतर घुसलेला आहे हे मलाही मान्य आहे. देहातून कबूतर उडाल्याचा उल्लेख हस्तलिखितांत आहे, पण चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस याने हेच पत्र उद्धृत केलं त्यात तो नाही. पण तिसरं शतक धरलं तरी कॉन्स्टंटाईन अजून जन्माला यायचा होता किंवा बादशहा व्हायचा होता. शिवाय नुसती गौरवगाथा रचणाऱ्याने क्विंटसचं नाव कशाला घेतलं असतं? तो मरण पत्करायला आपणहून पुढे आला आणि आखाड्यातली श्वापदं बघून त्याने कच खाल्ली. पत्र त्याची वाहवा करत नाही, असं आपणहून पुढे जाऊ नये, असंच सांगतं.

ख्रिस्ताला बाजूला सारल्याचा आरोप मला सगळ्यात लागतो, कारण तो नवा नाहीच. पॉलिकार्प यांचा देह ख्रिस्ती लोकांना देऊ नका, नाहीतर ते क्रुसावरच्याला सोडून याचीच पूजा करतील, असं तेव्हाच प्रांताधिकाऱ्याच्या कानावर घातलं गेलं होतं. मंडळीचं उत्तर पत्रात आहे: ख्रिस्त देवाचा पुत्र, म्हणून उपासना त्याची, रक्तसाक्षी प्रभूचे शिष्य आणि त्याचं अनुकरण करणारे, म्हणून त्यांच्यावर आमचं प्रेम. उपासना वेगळी आणि प्रेम वेगळं, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं.

एकट्या स्मुर्णाचीच ही चाल होती असंही नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी २५०मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असताना आपल्या धर्मगुरूंना लिहिलं की तुरुंगात मरणाऱ्यांच्या तारखा टिपून ठेवा, म्हणजे त्यांची स्मरणं करता येतील. १४ सप्टेंबर २५८ रोजी खुद्द सिप्रियन यांचा शिरच्छेद झाला, तेव्हा बांधवांनी त्यांच्यापुढे फडकी आणि रुमाल अंथरले. रोमच्या आपिया मार्गावर, आजच्या संत सेबास्टियन चर्चखाली, तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातली एक भिंत सापडली आहे. साध्या भाविकांनी तिच्यावर ओरखडून विनवण्या लिहिल्यात. त्यांतली एक, पौल आणि पेत्र या प्रेषितांना केलेली, अशी: ‘पौल आणि पेत्र, व्हिक्टरसाठी विनंती करा.’