पाईपला पडलेला झोल आणि ‘घन पदार्थ वाहत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

नागपुरातल्या गच्च्यांवर दोन क्लॅम्पांमधल्या पीव्हीसी पाईपला काही वर्षांत झोल का पडतो, या माझ्या लेखावर (घन दिसणारा पाईपही फार हळूहळू वाहतो, हे त्याचे म्हणणे) आपण लिहिले आहे : ‘पीव्हीसीचे काचसंक्रमण तापमान ८० अंश. त्याखाली तो घन असतो आणि घन पदार्थ वाहत नाही. लिहिण्यापूर्वी एखादे पुस्तक उघडायचे होते.’ (काचसंक्रमण तापमान म्हणजे ज्याच्या खाली प्लास्टिक काचेसारखे कडक असते आणि ज्याच्या वर ते मऊ होते, ते तापमान.) मतभेदाला माझी हरकत नाही. परंतु अनोळखी माणसाने पुस्तक उघडले की नाही, याचा निवाडा आपण ज्या सहजतेने केलात, ती शास्त्रीय चर्चेला शोभत नाही. माझ्या लेखात ८० च्या आधी ‘सुमारे’ हवे होते, हे आपले म्हणणे मान्य आहे आणि तशी दुरुस्ती केली आहे. मात्र थंड करण्याच्या वेगाप्रमाणे हा आकडा काही अंशांनी सरकतो, म्हणूनच ‘सुमारे’ लागते. जी सीमा स्वतःच सरकते, तिच्या आधाराने आपण घन आणि प्रवाही अशी भिंत उभारली आहे.

मी बुटीबोरीतल्या एका पाईप कारखान्याच्या तपासणी विभागात नोकरी केली आहे. पीव्हीसीची पट्टी टांगून तिला वजन लावले की लांबीतली वाढ मोजणाऱ्या डायल गेजचा काटा आधी भरभर सरकतो, मग मंदावतो. पण दुसऱ्या दिवशी पाहावे तर तो आणखी पुढे गेलेला असतो. वजन काढल्यावर पट्टी थोडी मागे येते, पूर्ण येत नाही. हे सारे साध्या खोलीच्या तापमानाला घडते. ज्याने हा काटा पाहिला आहे त्याला पुस्तकाची वाट दाखवण्याआधी आपण जरा थांबायला हवे होते.

काचसंक्रमणाखाली प्लास्टिकमधल्या लांबलचक रेणुसाखळ्यांची पुनर्रचना थांबत नाही, ती फार मंदावते. ताणामुळे साखळीच्या तुकड्याला जागा बदलण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा त्या दिशेने खाली येतो, ही मांडणी रसायनशास्त्रज्ञ हेन्री आयरिंग यांनी १९३६ मध्ये केली. २००९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मार्क एडिगर आणि सहकाऱ्यांनी काच-अवस्थेतले, म्हणजे संक्रमण तापमानाखालचे, अ‍ॅक्रिलिक ताणत असताना मोजले, तेव्हा रेणूंची गतिशीलता हजार पटींपर्यंत वाढलेली आढळली. गच्चीवरच्या पाईपवर इतका ताण नसतो, हे खरे. पण तिथे ऊन आहे आणि वर्षे आहेत. मे महिन्याच्या दुपारी करडा पाईप ६० अंशांच्या आसपास तापतो, म्हणजे संक्रमणापासून जेमतेम वीस अंश दूर राहतो. त्या तापमानाला त्याची दाबक्षमता २३ अंशांच्या तुलनेत पाचव्या भागाइतकीच धरतात. आपल्या ‘घन’ पदार्थाचे हे काय होते, ते आपणच सांगावे.

जुन्या चर्चच्या खिडक्यांचा दाखला आपण माझ्याविरुद्ध दिला आहे. त्या काचा वाहून खाली जाड झाल्या, असे मी कुठेही लिहिलेले नाही. ती दंतकथाच आहे. खिडकीची काच आपल्या संक्रमण तापमानापासून सुमारे पाचशे अंश खाली असते, आणि एवढ्या अंतरावर तिच्या शिथिलीकरणाला, म्हणजे आतली मांडणी बदलून ताण ओसरायला, लागणारा काळ विश्वाच्या वयालाही मागे टाकतो. काच तिथे वाहत नाही म्हणून पीव्हीसीही इथे वाहत नाही, असे म्हणणे म्हणजे पाचशे आणि वीस यांतला फरकच न पाहणे होय.

पॉलिथिलीनच्या टाकीबद्दलच्या आपल्या तक्रारीला उत्तर देत नाही. लेख पीव्हीसीवर होता.